वगार, रंग काळा, शिंगे नाहीत

माझ्या लॅपटॉपला शिंगं नाहीत. हे मी म्हणत नाही, शिक्का मारलेला कागद म्हणतो. त्याच कागदावर वय तीन वर्षं, रंग काळा, दूध निरंक आणि स्वभाव गरीब असंही लिहिलेलं आहे. स्वभावाबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो रकाना भरताना मला कुणी विचारलं नव्हतं.

झालं असं, की पुण्याच्या एका कंपनीला खेळ खेळणारी माणसं हवी होती. कंपनी संगणकावरचे खेळ बनवते. खेळ बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, एवढंच काम, तेही घरी बसून, आणि वर पगार. परीक्षा रविवारी, अकरा ते एक, कॅमेरा चालू ठेवून. माझं बी.कॉम. झालेलं आहे आणि सातवीपासून मी प्रत्येक खेळात हरल्यावर चूक माझी नसून खेळाची होती हे सिद्ध करत आलो आहे. इतकी माझ्या मापाची जागा पुन्हा निघणार नव्हती. अट एकच होती. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप पाहिजे. आणि तो तुमचाच आहे याचा कागद पाहिजे.

ही जागा हुकली तर पुढचं ठरलेलं होतं. कारंजाला मामाचं कृषी केंद्र आहे, तिथं बियाण्याच्या थैल्या मोजत बसायचं. ठरलेलं म्हणजे किती, तर मामाचं स्टूल विकत घेऊन झालं होतं. स्टूल कुणी पळवू नये म्हणून त्यावर ऑइलपेंटनं 'प्रज्वल' असं माझं नावही घातलं होतं. आयुष्यात माझं नाव पहिल्यांदा कुठे रंगवलं गेलं असेल तर ते बुडाखालच्या एका स्टुलावर.

"खेयाचा पगार देतेत?" बाबांनी विचारलं.

"देतात."

"कागदावर हाय का कुठं?"

बाबा, म्हणजे दौलतराव, चौतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होते. माझा जन्म झाल्याचा निरोप दवाखान्यातून आला तेव्हासुद्धा ते म्हणाले होते म्हणे, दाखला येऊ द्या. मी कंपनीची ईमेल छापून आणली. बाबांनी ती दोनदा वाचली, जावक क्रमांक नाही म्हणून नाक मुरडलं आणि शेवटी होकार दिला. "पन जुना घ्यायचा. आनि जुना माल हरिसिंगले दाखोल्याशिवाय मी आजवर घेतला नाई."

हरिसिंगकाका आमच्या शेजारी राहतात. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली करतात. बैलाकडे एकदा पाहून ते त्याचं वय, खोड आणि मालकाचं खोटं बोलणं एका दमात सांगतात. आमच्या घरातला फ्रीज, मोटारसायकल आणि माझ्या ताईचा नवरा हे तिन्ही काकांनी पसंत केलेले आहेत. फ्रीजबद्दल तक्रार नाही.

लॅपटॉप कारंजाच्या बादल नावाच्या पोराचा होता. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. जाहिरातीत त्यानं 'एकहाती वापर' असं लिहिलं होतं. काका बाजार बुडवून कुठे येत नाहीत, म्हणून बादललाच बैलबाजारात बोलावलं. तो बिचारा एसटीनं आला आणि पोटाशी बॅग धरून दोनशे बैलांच्या मधून वाट काढत आमच्यापर्यंत पोचला.

"सोड," काका म्हणाले.

"काय सोडू?"

"पिशवीतून सोड त्याले. हवा लागू दे."

बादलनं लॅपटॉप काढून एका पोत्यावर ठेवला. काका तीन पावलं मागं गेले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग एकदम पुढं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. बादल दचकला.

"थंड हाय. लाथाड नाई," काकांनी बाबांना सांगितलं. बाबांनी वहीत लिहून घेतलं. "आता जबडा उघड."

झाकण उघडलं. काकांनी बटणांच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबले.

"हा दात कुठी हाय?"

"डब्ल्यू आहे तो, काका. वरचं प्लास्टिक निघालं. पण खाली रबर आहे, दाबलं की चालतं."

"आनि त्याच्या खालचे हे तीन काहून घासले?"

बादलनं हात पुढं करून ती तिन्ही बटणं झाकली.

"उजव्या अंगाचे दात कोरे, डाव्या अंगाचे घासेल. म्हंजे यानं याले एकाच अंगानं जोतलं, दौलतराव. हे जनावर डावीकडं वढन." डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं डाव्या हाताला असतात आणि कुठल्याही खेळात पळायचं ते त्यांच्यावरच. हे काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"वय किती?"

"दोन वर्षं."

काकांनी पुन्हा घासलेल्या दातांवर बोट ठेवलं.

"...पावणेतीन," बादल म्हणाला.

मग चालवून दाखवायला सांगितलं. बादलनं एक खेळ सुरू केला, तसा आतला पंखा घरघरायला लागला. काकांनी कान लावला. "धापते."

"काका, तो पंखा आहे. गरम झालं की फिरतो."

"बैलाचा मालकबी मले असंच सांगते."

आता सौद्याची वेळ आली. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. किती बोटं धरली, तो भाव. बघणाऱ्याला काही कळत नाही. काकांनी दुपट्टा टाकला आणि खाली बादलची काही बोटं धरली. बादलला ही पद्धत ठाऊक नव्हती. तो चांगल्या घरचा पोरगा. मोठ्या माणसानं हात धरला म्हणून त्यानं दोन्ही हातांनी तो मनापासून दाबला आणि म्हणाला, "भेटून आनंद झाला, काका."

"झाला!" काका एवढ्या जोरात ओरडले की सहा जोड्या उभ्या राहिल्या. सौदा झाला की जनावरावर गुलाल टाकायचा असतो. काकांच्या खिशात तो कायम असतो. बादल "अहो" म्हणेपर्यंत मूठभर गुलाल लॅपटॉपवर पडला होता, आणि आतला पंखा तेव्हा पूर्ण जोरात होता. त्यानं तो सगळा आत ओढून घेतला. काका खूश झाले. "पाहा, मानला त्यानं."

भाव किती ठरला ते मी सांगणार नाही. दुपट्ट्याखालची गोष्ट दुपट्ट्याखालीच राहते. बादललाही तो नंतरच कळला. त्याचा चेहरा पडला, पण दोनशे बैलांसमोर दिलेला शब्द होता. तो चहा पिऊन निघून गेला.

मी लॅपटॉप उचलायला गेलो, तर बाबांनी माझा हात धरला. "दाखला?"

बाजारात विकलेल्या प्रत्येक जनावराचा दाखला मिळतो. कोणी विकलं, कोणी घेतलं, जनावर कसं दिसतं. कंपनीलाही मालकीचा कागद हवाच होता, त्यामुळे मी विरोध केला नाही. या गोष्टीत माझी म्हणून जी एकमेव चूक आहे, ती ही.

खिडकीतला कारकून म्हणाला, "लॅपटॉपचा रकाना नाई."

"इतरमदे टाका," बाबा म्हणाले.

"इतर बंद झालं. मागच्या साली एकानं इतरमदे सासऱ्याची नोंद केली. तवापासून वरून बंद."

"कागद नाही तर माल नाही," बाबा म्हणाले. मागं रांगेत आठ बैल उभे होते आणि त्यांतला पहिला बाबांचा सदरा चाखत होता. शेवटी बाबांनीच वाट काढली. "जे जवळचं वाटते ते लिहा ना."

कारकुनानं चष्मा कपाळावर घेऊन लॅपटॉपकडे पाहिलं. "काळं हाय. म्हैस लिवू?"

"म्हैस नको. डेअरीवाले कॅन घेऊन येतीन."

"मंग वगार लिवतो." वगार म्हणजे म्हशीची वयात येत असलेली पोर. "वगारीले दूध नसते. कोनी इचारत नाई."

बाबांना हे पटलं. खूण या रकान्यात 'झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर टवका' असं आलं, शिक्का बसला, आणि बाबांनी दाखला घडी करून खिशात ठेवला. त्या घडीला बाबांइतका समाधानी माणूस सबंध रिसोड तालुक्यात नसेल.

घरी आल्यावर लॅपटॉप सहा मिनिटं चालला आणि बंद पडला. पुन्हा सुरू केला, पाच मिनिटं. शेजारच्या प्रयागबाई आल्या. त्यांचा मुलगा नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासमोर राहतो, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द चालतो.

"तांदळात ठेव. मोबाईल बंद पडला का तांदळात ठेवतेत."

"काकू, मोबाईल भिजला तर ठेवतात. हा भिजलेला नाही."

"मंग आंदी भिजव."

हरिसिंगकाका म्हणाले, नवं जनावर आहे, जागा बदलली आहे, दोन दिवस खाणार नाही, त्याच्याजवळ कुणीतरी बसून राहा. आई खरंच तिथं बसून शेंगा सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी जवळच्या मालेगावला गेलो. तिथं निताताईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. या सगळ्या कथेत शहाणं माणूस एवढं एकच, त्यामुळे त्यांचं काम थोडक्यात आटोपतं. ताईंनी मागचं झाकण उघडलं, फुंकणीनं हवा मारली, आणि सगळं दुकान गुलाबी झालं.

"दादा, याले होळी खेळवली काय?"

"नाही, सौदा झाला होता."

"मंग बराबर हाय," ताई म्हणाल्या. त्यांच्याही वडिलांकडे बैल होते. त्यांनी पंखा साफ केला, आतला वाळलेला लेप बदलला, आठ जीबीची आणखी एक रॅम बसवली. काही गुलाल मात्र बोर्डावर पक्का बसला होता. तो निघाला नाही. "राहू द्या, शुभ असते. पन हे ऊन सोसनार नाई. अठ्ठावीस डिग्रीच्या खाली ठेवा."

"ताई, मे महिना आहे. आमच्या केनवडला अठ्ठावीस फक्त गणितात पडतात."

तुटलेलं बटण ताईंकडे मिळालं नाही. घरी आल्यावर आईनं त्या जागी फेविकॉलनं एक चिंचोका चिकटवला. गुळगुळीत, चकचकीत, बोटाला थंड. बाकीची सगळी बटणं त्याच्यापुढं हलकी वाटायला लागली.

आता लॅपटॉप बंद पडत नव्हता, पण खेळ सुरू केला की तापायचा आणि तापला की मुद्दाम हळू चालायचा. पगारावर रुसलेल्या गिरणी कामगारासारखा. चित्र सेकंदाला साठ वेळा हललं पाहिजे अशी कंपनीची अट होती. आमच्या घरात, पत्र्याखाली, चव्वेचाळीस अंशांत, ते अकरा वेळा हलायचं. मी घरातला कूलर ओढून त्याच्या तोंडापुढं आणला. दहा मिनिटांत पडद्यावर दव साचलं आणि कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब चिंचोक्यावर पडला. प्रयागबाई दारातच उभ्या होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता तांदळात ठेव."

शनिवारी दोन गोष्टी आल्या. सकाळच्या एसटीनं स्टूल आलं. मामानं निरोप पाठवला होता की सोमवारपासून बसायचंच आहे तर दोन दिवस घरीच बसून सवय करून घे. आणि दुपारी राजपालसाहेब आले. राजपालसाहेब म्हणजे आमच्या भागाचे पशुधन पर्यवेक्षक. गुरांना लस टोचणं आणि कानात नंबरचा पिवळा टॅग मारणं हे त्यांचं काम.

"दौलतरावाच्या नावानं एक वगार चढली," त्यांनी दारातूनच विचारलं. "टॅग बाकी हाय. कुठी हाय वगार?"

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आत पलंगावर हाय. चार्जिंगले लावेल हाय."

राजपालसाहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बावीस वर्षं सरकारी नोकरी झाली होती त्यांची. त्यांनी तक्त्यात लिहिलं आणि पुढं विचारलं, "चारा?"

"लाइटवर चालते."

तेही लिहिलं. मग ते आत आले. मी म्हटलं, "साहेब, चूक झाली. ही नोंद कमी करून टाका."

"नोंद तीनच पर्कारे कमी होते, भाऊ. जनावर इकलं, मेलं, नाईतर हरोलं. मेलं म्हनता तर शवविच्छेदन करा लागते. हरोलं म्हनता तर पोलिसात जा. इकलं तर दुसऱ्याच्या घरी हेच पलंगावर भेटन मले."

"मग नोंदच चुकीची आहे असं लिहा ना."

"लिवतो. पन चूक कोनाची ते लिवा लागते. दाखल्यावर सही तुमच्या बाबाची हाय."

चौतीस वर्षांत बाबांच्या हातून एकही चुकीची नोंद झालेली नव्हती. निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तर बाबांबद्दल एवढं एकच वाक्य बोलले होते. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "टॅग मारा."

"पक्कड हापिसात हाय. उद्या अकराले येतो. फोटो काढा लागन, मालकासंगट. लसबी देऊन टाकू."

"लस कुठं देणार?" मी विचारलं.

"ते उद्या पाहू."

रविवारी परीक्षेची जागा हरिसिंगकाकांचा गोठा ठरली. काकांच्या घरात कूलर नाही, गोठ्यात आहे. काकू याच कारणावरून तीन उन्हाळे त्यांच्याशी बोलत नाहीत आणि दुपारी गोठ्यात येऊन झोपतात. चारी बाजूंना ओली पोती, वर कडुलिंबाची सावली. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि ढेपेच्या पोत्यावर बसलो. खेळ सुरू करून पाहिला. साठ! सेकंदाला पूर्ण साठ. मला रडू यायचं बाकी होतं. मालकीचा कागद म्हणून मी दाखल्याचा फोटो आदल्या दिवशीच कंपनीला पाठवला होता. तो लॅपटॉपचा दाखला आहे एवढंच सोबत लिहिलं आणि देवाचं नाव घेतलं.

अकराला पडद्यावर कंपनीच्या वैजयंतीमॅडम आल्या. "प्रज्वल, तुमचा कागद मिळाला. त्याबद्दल नंतर बोलू. तुमच्या मागे कोण आहे?"

"कुणी नाही, मॅडम."

मागं बैलानं मान हलवली.

"परीक्षेच्या खोलीत दुसरं कुणी चालणार नाही."

"मॅडम, खोली त्याचीच आहे. मी आलोय."

मॅडमनी थोडा विचार केला आणि खेळ सुरू करून दिला. मला वाटलं होतं बंदुका असतील. निघाला शंकरपट. आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, पडद्यावर, गावासकट. दोन तासांत जेवढ्या चुका सापडतील तेवढ्या बोलून दाखवायच्या. मी चिंचोक्यावर बोट ठेवलं आणि जोडी सोडली. चाळीस मिनिटांत मला तीन चुका सापडल्या. एका झाडाची सावली सूर्याच्या बाजूला पडत होती, एका प्रेक्षकाला दोन्ही हात डावे होते, आणि एक म्हातारा भिंतीतून आरपार चालत गेला. मी कमालीचा खूश होतो. तेवढ्यात हरिसिंगकाका बैलांना पाणी दाखवायला आले आणि पडदा बघून बादली हातात तशीच धरून उभे राहिले.

"हे बैल कोन बनोले?"

"काका, शूऽ. परीक्षा चालू आहे."

"दोघंबी एकच पाय संगं टाकून राह्यले. बैल हायेत का पोलीस?"

"कोण बोललं?" मॅडमनी विचारलं.

"कुणी नाही, मॅडम," मी म्हटलं. पण काका आता स्टुलापर्यंत आले होते.

"बाई, राम राम. तुमच्या जुवाले शिवळा नाईत. मानेच्या दोन बाजूले दांड्या असतेत ना, त्या. त्या नसल्या तर बैल मान काढून घरी जाईन ना, शर्यत कोन पळन? आनि हा डावा बैल दोन दाती, म्हंजे कवळा दाखोला, मंग वशिंड एवढं कुठून आलं? आनि वेसन नाकातून टाकतेत बाई, तुमी गालातून टाकली."

मी काकांना कोपरानं ढकललं. माझी नोकरी, माझा रविवार, माझ्या तीन चुका. मॅडम मात्र म्हणाल्या, "थांबा प्रज्वल, त्यांना बोलू द्या."

काका बोलत राहिले. फेस नाही, घाम नाही, शेपटी उलट्या बाजूनं वळते, धुळीचा रंग आपल्याकडचा नाही. मी आपला जोडी पळवत होतो. त्यातच राजपालसाहेब पक्कड आणि बाबांना घेऊन आले. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "या दोघाईले टॅग नाई."

"साहेब, ते चित्र आहे."

"चित्रातबी बिनटॅगचं जनावर इकता येत नाई." मग त्यांनी लॅपटॉपचा कान शोधायला सुरुवात केली. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यावर, टवका उडाला होता तिथं, प्लास्टिकची एक पातळ पाळी उरली होती. "हलू देऊ नका," ते बाबांना म्हणाले. बाबांनी दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला. कट्!

पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक गुलाबी रेघ उमटली. ती आजही आहे.

"आवाज कसला आला?" मॅडम म्हणाल्या.

"लॅपटॉपचं आधार कार्ड काढलं, मॅडम."

फोटोसाठी बाबा कॅमेऱ्यासमोर येऊन, शाळेच्या ग्रुप फोटोत उभे राहतात तसे, छाती काढून उभे राहिले. कंपनीच्या परीक्षेच्या चित्रफितीत ते दीड मिनिट आहेत. लस दिली असं लिहून राजपालसाहेब गेले.

बारा पन्नासला लाइट गेली. कूलर थांबला. बॅटरीवर लॅपटॉप तसा अकरा मिनिटं तग धरायचा, पण तापायला लागला. साठाचे चाळीस, बावीस, पंधरा. जोडी आता चिखलातून चालल्यासारखी चालली होती आणि शेवटची रेघ ओलांडल्याशिवाय परीक्षा जमा होत नव्हती. काका दुपट्ट्यानं वारा घालू लागले. प्रयागबाई सूप घेऊन आल्या आणि वारा घालत तांदळाचं पुन्हा सांगू लागल्या. मी चिंचोका दाबत होतो, दाबत होतो, तसा तो फेविकॉल वितळून उडाला आणि गव्हाणीत पडला. बैलानं तो खाल्ला. आवाज झाला कडकन.

बैलानं माझा डब्ल्यू खाल्ला होता. मी रबरावर बोट खुपसलं. जोडी रेघेवर पोचली, बारा एकोणसाठ झाले, परीक्षा जमा झाली आणि लॅपटॉप बंद पडला.

सोमवारी मी ताप आल्याचं सांगून कारंजाला जाणं टाळलं. मंगळवारी मामाचा फोन आला, "स्टुलावर बसाची येळ आली आनि पोट्ट्याले ताप चढला काय?" बुधवारी ईमेल आली. मला तीन चुका सापडल्या होत्या, त्यांतल्या दोन कंपनीला आधीच ठाऊक होत्या. माझ्या मागं उभ्या असलेल्या गृहस्थांना एकतीस सापडल्या होत्या. हे गृहस्थ कोण, आणि ते आमच्याकडे काम करतील का?

माझ्याबद्दल पुढं एक ओळही नव्हती. मी ईमेल बंद केली. ती बंदच ठेवायची असं मी ठरवलंही. पाऊण तास मी त्या निश्चयावर ठाम होतो आणि त्या पाऊण तासात आई आतून कारंजाला जायचे माझे कपडे घडी करत होती. ईमेलमध्ये नाव काकांचं होतं. ते मी खाल्लं असतं तर माझ्यात आणि त्या बैलात फरक काय राहिला असता? मी लॅपटॉप उचलला आणि गोठ्यात गेलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "बोलाव बाईले," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले, माझ्या नावावर.

मॅडम पडद्यावर आल्या. त्यांनी मानधनाचा विषय काढताच काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि लॅपटॉपवर टाकला.

"काका, मला काही दिसत नाहीये."

"दिसाचं नसतेच, बाई." काकांचा हात दुपट्ट्याखाली टचपॅडवर फिरत होता. "घ्या, धरा."

"तुम्ही हात वर केलाय, असं दाखवतंय इथं."

"हो, मी केला. आता तुमी करा." मग थोडं थांबून ते म्हणाले, "पन एक गोष्ट आंदीच सांगतो. मी एकटा येत नाई. चाळीस वर्सात मी एकटा बैल कोनाले इकला नाई. जोडी घेता का?"

"जोडी म्हणजे?"

"हे पोट्टं. मले काम्पुटर येत नाई, त्याले बैल येत नाई. हे डाव्या अंगाले चालन, मी उजव्या. वय कवळं हाय, लाथाड नाई, थोडं बोलते जास्त पन खोड नाई म्हनता येत." काकांनी दुपट्ट्याचं एक टोक उचललं आणि कॅमेऱ्याच्या भोकाएवढी जागा केली. "दात दाखव रे बाईले."

मी बी.कॉम. आहे. सेकंड क्लास. मी वाकलो आणि पुण्याच्या कंपनीला दात दाखवले.

मग दुपट्ट्याखालून मॅडमचा आवाज आला. हसून हसून त्यांना बोलताना दम लागत होता. "ठीक आहे, काका. जोडी घेते."

"झाला!" काका ओरडले आणि त्यांचा हात खिशात गेला. तो हात मी ओळखतो. मी उडी मारून लॅपटॉपवर पालथा पडलो आणि सगळा गुलाल माझ्या पाठीवर, मानेवर आणि केसांत पडला. एका अर्थी ते नियमाला धरूनच होतं. विकला गेलो होतो मी.

तसाच गुलाबी होऊन मी घरी गेलो. आईनं घडी केलेले कपडे परत खुंटीवर टाकले. कितीला गेलो ते मला अजून माहीत नाही, पगार काकांमार्फत कळेल असं ठरलंय. पशुसंवर्धन खात्याचा मेसेज मात्र वेळेवर आला, की आपली वगार तीन वर्षांची झाली असून ती माजावर येताच जवळच्या दवाखान्यात आणावी.

आठ दिवसांनी कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं. नाव, पद, पत्ता, जन्मतारीख, सगळं होतं. बाबांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, अपुरं आहे. मग पट्टी घेऊन, पेनानं, जन्मतारखेच्या खाली त्यांनी एक रकाना आखला. त्यात माझ्याकडे एकवार नीट बघून वळणदार अक्षरात लिहिलं : शिंगे – नाहीत. आणि खाली सही केली.